जे मंगळसूत्र कधी हरवलंच नव्हतं

ती केस आठवली की मला आधी आमच्या ठाण्यातला लाकडी बाक आठवतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, भिंतीला टेकून ठेवलेला. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून खाली जुन्या फायलीचा पुठ्ठा दुमडून घातलेला असायचा. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. लोकांना त्याच गोष्टी ऐकायच्या असतात. पण मला स्वतःहून सांगावीशी वाटते ती ही केस. हिच्यात ना रक्त सांडलं, ना कुणाच्या घरातून सुतळीचा तोडा गेला. तरी एका बाईची अब्रू गेली, आणि ती घालवण्यात माझा हात होता.

नावं मी कुणाचीच सांगणार नाही. ठाण्याचंही नाही. नाशिकचं, गोदाकाठचं ठाणं होतं, एवढं पुरे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. मोबाईलवर बघून लॉज ठरवायचं खूळ तेव्हा नुकतंच गावोगाव पोचलं होतं.

सकाळची हजेरी झाली होती. बंदोबस्ताची वाटणी करून मी चहाचा पहिला घोट घेत होतो, तेवढ्यात साठीच्या एक बाई आत आल्या. नऊवारी नाही, साधं पातळ, हातात रुमालात गुंडाळलेला मोबाईल. रामकुंडाकडच्या एका गल्लीत त्यांचं छोटं लॉज होतं. खाली स्वतःचं घर, वर पाच खोल्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची.

"साहेब, माझ्याकडे चोरी झालीये."

"कधी?"

"ते मला माहीत नाही."

"काय गेलं?"

"मंगळसूत्र."

"तुमचं?"

"माझं कसं असेल? यजमान जाऊन बारा वर्षं झाली. पाहुणीचं गेलंय."

"कोण पाहुणी?"

"आता काय सांगावं! तेच तर तुम्ही शोधायचं ना!"

माझा हवालदार खोकला. हसू दाबायचं असलं की तो खोकायचा. जुना माणूस, मिशा पिकलेल्या, माझ्याआधी निवृत्त होणार होता.

हळूहळू उलगडा झाला. मावशींकडे लासलगाव, चांदवड, सिन्नरकडची माणसं उतरायची. कुणी दहाव्याला आलेलं, कुणी अस्थी घेऊन. सुतकातल्या माणसाला बिनफोडणीचं जेवण लागतं, चटईवर निजायचं असतं, आणि कुणी फार चौकशा केलेल्या नको असतात. हे सगळं न सांगता कळणारी नाशकात जी थोडी ठिकाणं होती, त्यांतलं हे एक. पण गेल्या काही दिवसांत ठरलेली माणसंही फोन करून नाही म्हणू लागली. शेवटी लासलगावच्या एका बाईने विचारलं, "मावशी, तुमच्याकडं मंगळसूत्र चोरीला जातं म्हणे?" मावशींच्या भाचीने मोबाईलवर शोधलं, तर कुणीतरी लॉजबद्दल अभिप्राय लिहून ठेवला होता, की खोलीतून माझं मंगळसूत्र गेलं. भाचीने तेवढंच वाचून दाखवलं. पुढचं ऐकायला मावशी थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या बाईने हे खोटं आहे म्हणून आरडाओरडा केला असता. मावशींनी गाद्या उसवल्या. मोरीची जाळी काढून आत हात घातला. "एखादीचं सौभाग्याचं लेणं माझ्या घरातून जातं आणि मी स्वस्थ बसू?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्या स्वतःवरच्या आरोपाची तक्रार करायला आल्या नव्हत्या. आल्या होत्या त्या, कधी न पाहिलेल्या बाईचं मंगळसूत्र शोधायला.

आता माझी चूक सांगतो. चोरी म्हटलं की पोलिसाच्या तोंडून एक प्रश्न आपोआप बाहेर पडतो. तो मीही विचारला.

"कामाला कोण आहे?"

होती. वीस वर्षांपासून होती. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं, सगळं तीच करायची. तिला आक्का म्हणत.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, फिर्यादी कुठंय? ज्याचं गेलं तो माणूसच नाही."

"फिर्यादी मिळेल. आधी माल बघू," मी म्हणालो. किती शहाणा होतो मी!

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. हा नियम मला तोंडपाठ होता. तरी महिला शिपाई पाठवून मी आक्काला जीपमध्ये घालून आणलं. हाताला कणीक तशीच होती तिच्या. तिला त्या बाकावर बसवलं, आणि मग मला एक बंदोबस्त निघाला, मग वरिष्ठांचा फोन, मग आणखी काही. सकाळी दहाला बसवलेली बाई दिवे लागेपर्यंत तिथेच. सगळी मिळून मी तिच्याशी अर्धा तास बोललो असेन.

"मंगळसूत्र कुठंय?"

तिने पदराखालून स्वतःचं काळ्या मण्यांचं बाहेर काढून दाखवलं. "हे माझं. दुसरीचं मला काय म्हाईत?"

"वीस वर्षांत कधी काही सापडलं नाही खोलीत?"

"लय येळा. एकदा अंगठी, एकदा कुनाची दातांची कवळी. समदं मावशीकडं दिलं. त्यांनाच पुसा की."

तिच्याकडे काही नव्हतं, हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. चोर आणि घाबरलेला माणूस यांच्यातला फरक इतक्या वर्षांत कळायलाच हवा, आणि ही तर घाबरलेलीही नव्हती, संतापलेली होती. संध्याकाळी मी तिला "जा घरी" म्हणालो आणि विसरलो. आमच्या लेखी विषय संपला. स्टेशन डायरीत एक ओळसुद्धा नाही.

पण गल्लीने जीप पाहिली होती. पोलिसांनी दिवसभर बसवलं, म्हणजे काहीतरी असणारच, असं चार तोंडांनी म्हटलं. शेवटी मावशींच्याही मनात पाल चुकचुकली. त्या तिला म्हणाल्या, "चार दिवस घरी राहा गं, जरा निवू दे सगळं." आक्काने ओला पदर पिळला, दाराजवळची चप्पल घातली आणि सिन्नरच्या पलीकडे भावाच्या गावी निघून गेली. चार दिवसांनी आलीच नाही.

महिना-दीड महिन्याने मावशी परत ठाण्यात आल्या. निम्म्या झाल्या होत्या. "साहेब, लागला का काही तपास?" आक्का गेल्यापासून स्वयंपाक त्या एकट्याच करत होत्या. करायचा तरी कुणासाठी, पाचातल्या चार खोल्यांना कुलूप होतं. त्या गेल्यावर हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, साहेब."

मला राग आला, कारण ते खरं होतं. त्याच दिवशी मी तो अभिप्राय कागदावर छापून आणायला सांगितला. आणि इथे कबूल करायला लाज वाटते, पण तोवर मी तो स्वतः वाचलेलाच नव्हता! ज्या मजकुरावरून मी एका बाईला दिवसभर बसवलं, तो मजकूर मी वाचला नव्हता. वाचला तर चांगला सात-आठ ओळींचा निघाला. खोली नीटनेटकी होती, नवऱ्याबरोबर देवदर्शनाला आलो, अंघोळीला जाताना मंगळसूत्र उशाखाली ठेवलं, परत येते तो नाही. निघताना मालकीणबाई दारात हात जोडून गोड हसत "पुन्हा या हं" म्हणाल्या, आणि कामवाली आतून बघत होती. वाचून कुणाचंही काळीज हलावं असं लिहिलं होतं. मलाही खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी आक्काच्या गावी गेलो. या वेळी नियमाने, तिच्या घरी, महिला शिपाई बरोबर घेऊन. आक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. उठली नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि नाशिक जिल्ह्यात कुणी पाणी न विचारणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

शिपाई मुलीने तिला तो मजकूर वाचून दाखवला. आक्का मान खाली घालून ऐकत होती. "पुन्हा या हं" आलं आणि तिचा हात थांबला.

"काय म्हनली मावशी?"

"पुन्हा या."

"परत वाच."

तिने परत वाचलं. आक्का मोठ्याने हसली. रडता रडता हसावं तसं. "अवो साहेब, ही बाई मावशीकडं उतरलीच नाय! मावशी कुनालाच 'पुन्हा या' म्हनत नाय. वीस वर्सांत एकदाबी नाय."

दहाव्याला आलेल्या माणसाला परत ये म्हणत नाहीत, आणि तोही 'येतो' म्हणत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. पण सगळेच काही दहाव्याला येत नाहीत.

आक्का म्हणाली, "कोन कशापायी आलंय, हे मावशी इचारत नाय. इचारलं तर मानूस रडतं. मंग देवाला आलेलं असो नायतर अस्थी घिऊन, कुनालाच म्हनायचं नाय, अशी त्यांची रीत. मानूस जायला निघालं का मावशी आत जातात. किल्ली कोनाड्यात ठिवायची आन् मागं न बघता जायचं. दारात उभं राहून हात जोडनं? काय बी लिव्हलंय!"

जिला चोर ठरवून बसवलं, तिनेच अर्ध्या मिनिटात केस फोडली होती. हे मी पहिल्याच दिवशी तिला वाचून दाखवलं असतं तर? पण आम्ही माणसाला बसवतो, ऐकतो कुठे?

मावशींना विचारलं, तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! मी तर मंगळसूत्रापुढे ऐकलंच नाही हो!"

पुढचा तपास सरळ होता. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा, म्हणून मावशींची तक्रार नोंदवून घेतली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी काढली. दरम्यान एका ओळखीच्या रिक्षावाल्याने कानात सांगितलं, "साहेब, तो मजकूर आमच्या मोबाईलवर पयलेच आला होता. पलीकडच्या गल्लीत नवं लॉज झालंय ना, त्याच्या मॅनेजरने धाडला. म्हनला, पॅसेंजर मावशीचं नाव काढेल तर हे दाखवायचं." मॅनेजरला बोलावलं. पहिल्या चहापर्यंत तो "मी नाही त्यातला" म्हणत होता. दुसऱ्या चहाला त्याने लिहिणाऱ्याचा नंबर दिला, वर मलाच म्हणाला, "साहेब, सगळेच करतात हो हे."

लिहिणारा माणूस नाशिक रोडकडे राहणारा. चाळिशीचा, चष्मा, खिशाला पेन, इस्त्रीचा शर्ट. घरी बसून हेच काम करायचा. या लॉजला चांगलं म्हणा, त्या लॉजला वाईट म्हणा. बाई होऊनही लिहायचा, म्हातारा होऊनही लिहायचा. मावशींची गल्ली त्याने जन्मात पाहिली नव्हती, नुसते फोटो पाहिले होते. आला तो नेमका त्याच बाकावर बसला.

"मंगळसूत्रच का?" मी विचारलं.

तो अगदी शांतपणे, शिकवणीत सांगावं तसं सांगू लागला. "ढेकूण आहेत, पाणी नाही, असं सगळेच लिहितात साहेब. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मंगळसूत्र म्हटलं की बायका थांबून वाचतात."

"आणि ते 'पुन्हा या', खोली नीटनेटकी, ते कशाला?"

"थोडं चांगलं लिहिलं की वाईटावर विश्वास बसतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणायचीही सोय नव्हती. पठ्ठ्याने सगळं मोजूनमापून लिहिलं होतं. मी त्याला आक्काचं सांगितलं. दिवसभर ठाण्यात बसवली, काम सुटलं, गाव सुटलं. तो खरोखर गोंधळला. त्याचा चेहरा उतरला.

"पण साहेब, मी तिचं नाव कुठे घेतलं? कामवाली सगळीकडे असतेच, म्हणून लिहिलं. मला तर तिथे कोण कामाला आहे हेही माहीत नव्हतं."

त्याला फाडून खायला मी तोंड उघडलं, आणि माझी नजर बाकाच्या त्या आखूड पायाकडे गेली. नाव त्याने घेतलं नव्हतंच. नाव मी घेतलं होतं. "कामाला कोण आहे?" विचारून. त्याने हवेत चिखल उडवला होता, तो नेम धरून आक्काच्या अंगावर टाकला मी. हवालदाराला म्हणालो, "जबाब लिहून घे," आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

मॅनेजरने आणि त्याने लेखी माफी दिली, मजकूर काढला. कोर्टात चार तारखा झाल्यावर मावशींनी तडजोड केली. कायद्याने केस तिथे मिटली. आक्काची कुठे मिटली होती?

मावशींना घेऊन मी पुन्हा तिच्या गावी गेलो. मावशी तिला बघून नुसत्या रडत होत्या. मी म्हणालो, "आक्का, चुकलं माझं." अधिकाऱ्याने असं म्हणणं सोपं नसतं, आणि मला वाटलं होतं की एवढ्याने ती विरघळेल.

ती म्हणाली, "साहेब, जीपमधी घातलं तव्हा समद्या गल्लीनं पाह्यलं. आन् माफी मागायला मात्र तुमी हितं, भावाच्या अंगनात, जिथं कुत्रं नाय बघायला?"

"मग काय करू?"

"त्याच जीपमधी घाला. त्याच गल्लीत उतरवा. दिवसाउजेडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच केलं. गल्लीत पूजासाहित्याची दुकानं उघडत होती, बायका दारात सडा घालत होत्या. जीप थांबली तशी सगळ्यांच्या माना वळल्या. मी पूर्ण गणवेशात, टोपी घालून उतरलो, मागे गेलो आणि आक्कासाठी स्वतः दार उघडलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या बाईंनी काही घेतलेलं नाही. मंगळसूत्र कधी हरवलंच नव्हतं. ते खोटं लिहिलं होतं, आणि चूक मी केली." एवढंच. माझ्या मागे बूट आपटल्याचा आवाज आला. हवालदाराने आक्काला कडक सलाम ठोकला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी दारात उभ्या होत्या. कधीच दारात न येणारी बाई. म्हणाल्या, "ये. ये गं घरात."

आक्का आत गेली आणि आतून तिचा आवाज आला, "मोरीची जाळी अजून तशीच काढून ठिवली का? समदी घुशींना मोकळीक!" गल्ली हसली. मी जीपमध्ये बसलो आणि चालकाला 'चल' म्हणालो.

निवृत्तीनंतर मी चांदवडकडे माझ्या गावी राहायला गेलो. गेल्या वर्षी माझी बायको गेली. दहाव्याला रामकुंडावर यायचं होतं. मुलगा मोबाईलवर लॉज बघायला लागला, त्याला म्हणालो, बघू नकोस, मला जागा ठाऊक आहे. मावशी आता थकल्यात, खाटेवरून कारभार बघतात. सगळं आक्काच करते, हाताखाली दोन बायका आहेत. तिने मला ओळखलं. माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि कोण गेलं ते विचारलं नाही. चटई घातली. बिनफोडणीचं वरण आणि भात वाढला. त्या घासाला मी रडलो, आणि ती समोरून उठून आत गेली, मला मोकळेपणी रडता यावं म्हणून.

निघताना किल्ली कोनाड्यात ठेवली. दारात कुणी नव्हतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

पुढे महिनाभराने नातीला जवळ बसवून जन्मातला पहिला अभिप्राय लिहिला. नोकरीत जबाब लिहीत आलो, तसाच लिहिला. जे पाहिलं तेवढंच. 'जागा स्वच्छ. जेवण साधं. सकाळी सातनंतर अंघोळीचं पाणी गार असतं. जिना अरुंद आहे, म्हाताऱ्यांनी सांभाळून चढावं. निघताना कुणी दारात येत नाही आणि पुन्हा या म्हणत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नये.'

चार दिवसांनी आक्काचा फोन. "साहेब, वाचून दाखवलं पोरींनी. पानी गार असतं हे कशापायी लिव्हलं?"

"असतं म्हणून," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मंग. त्येच्यामुळंच बाकीचं खरं वाटंल."